मामाजींचा खर्रा डिकीत ठेवा, खिशात नको

ताई, तुम्ही लिहिलंय की उमरखेडहून सासू-सासऱ्यांना घेऊन नांदेडचा गुरुद्वारा आणि परतताना गिरडचा दर्गा करायचा आहे, पण मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याशिवाय तासभर निभत नाही, खिशात पुडी असली तर चालेल का. वाचून पोटात धस्स झालं.

डोकं झाकणं, चपला काढणं हे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडतो.

माझी गोष्ट सांगतो. कोणता गुरुद्वारा ते विचारू नका. गाडी ठरवून देणाऱ्या ऑफिसात मी आधी विचारलं होतं की सोबत काय नेऊ नये. खुर्चीवरच्यानं मोबाइलातून मानही वर काढली नाही. "देवळासारखंच असते जी, काही नाही." आता आपल्याकडे गालात खर्रा दाबून आरती म्हणणारे कमी आहेत का? मीही पन्नी वरच्या खिशात टाकली. माथा टेकायला वाकलो अन् ती घसरून थेट ग्रंथसाहिबांपुढच्या पांढऱ्या चादरीवर. रबर निघालेलं, घोटलेली सुपारी सगळीकडे. कोणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्या सेवादारांनी रुमालात एकेक कण वेचला, मला बाहेर नेलं, नळावर हात धुवायला लावले. आई मागेच उभी होती. लंगरमध्ये ती जेवली नाही. त्या माणसानं दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

अमृत घेतलेल्या, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखाला ज्या चार गोष्टी पूर्ण वर्ज्य, त्यात तंबाखू आहे. म्हणून "खात नाही, नुसती जवळ आहे" हे सांगूच नका. पुडी डिकीत, मामाजींच्या खिशात बडीशेप, आणि उतरल्यावर खळखळून चूळ. खिसे तुम्ही स्वतः तपासा. खर्रेवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, मी खाणारा आहे म्हणून सांगतो.

नांदेडला 1708 मध्ये गुरू गोविंदसिंहांनी ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं आणि तिथेच देह ठेवला. समोर गुरूच बसलेत असं धरून वागा, त्यांच्याकडे पाय पसरू नका. मामाजींचे गुडघे दुखत असतील तर मागे भिंतीशी बसवा. कडाह प्रसाद ओंजळीत घ्या, रोटीही दोन्ही हात पुढे करून. ताटात उष्टं टाकू मात्र नका.

गिरड परतीच्या वाटेवर नाही बरं, ते वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, पार दुसऱ्या टोकाला. वेगळा दिवस ठेवा. शेख फरीद बाबांच्या दर्ग्यात आपली माणसंही पिढ्यान्‌पिढ्या जातात, अवघडू नका. मजारीजवळ बायकांनी जायचं की नाही हे प्रत्येक दर्ग्यात वेगळं, दर्गा सांभाळणाऱ्या मुजावरांना विचारून घ्या. चादर घेतलीच पाहिजे असं नाही, दुकानदार काहीही म्हणो. हे माझ्यापुरतं, मी काही जाणकार नाही.

दर्गा आहे त्या टेकडीवर सुपारी-नारळासारखे दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, असं सांगतात. आमच्या पोरानं दोन खिशात घातले होते. आईनं गाडीत बसायच्या आधी परत ठेवायला लावले, अन् माझ्याकडे बघितलं.