मिरचीवरचा बोकड्या: सुरुवातीला एवढंच समजून घ्या

पहिल्याच वर्षी मिरचीला बोकड्या, म्हणजे पानं वळून आकसण्याचा रोग, आला म्हणून हिरमुसू नका, जुन्याजाणत्यांच्याही कुंडीत येतो. फक्त त्यावर बुरशीनाशक मारत बसू नका. हा विषाणू आहे, आणि विषाणू म्हणजे पेशीसुद्धा नव्हे. प्रथिनाच्या कवचात थोडा डीएनए, बस. तो खात नाही, वाढत नाही, आपणहून दुभंगत नाही. पांढरी माशी रस शोषताना त्याला झाडात सोडते. पेशीच्या केंद्रकात शिरला की झाडाचीच यंत्रणा राबवून तो स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्या प्रती शेजारच्या पेशींत आणि तिथून कोवळ्या शेंड्यापर्यंत जातात. त्यामुळे लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही, दुकानदार काहीही सांगो.

मग करायचं काय?

- आधी भिंग घ्या. वळलेलं प्रत्येक पान बोकड्याचं नसतं. फुलकिडे असले तर कडा वर वळतात, कोळी नावाची बारीक कीड असली तर खाली. या दोन्हींवर इलाज आहे.
- पानं बारकी, गुच्छासारखी, शिरांमध्ये पिवळी आणि झाड खुजं, तर रोप उपटा. जीव होत नाही, पण शेजारच्या कुंड्या वाचतात.
- निंबोळी तेल पानांच्या खालून फवारा. माशी तिथेच बसते. वरून मारलेलं वाया जातं.
- रोपं लहान असताना बारीक जाळीखाली ठेवा. मच्छरदाणी चालत नाही, ही माशी तिच्यातून आरामात शिरते.

प्रतिकारक वाणांचं पुढच्या हंगामात बघू.