फिनिक्सजवळच्या वाळवंटात पहिल्यांदा जाताना

सुपरस्टिशन वाइल्डरनेस हा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधला राखीव रानाचा डोंगराळ भाग फिनिक्स शहरापासून तासाभरावर आहे म्हणून गाफील राहू नका. आत शिरलात की मोबाइलची रेंज गेलीच म्हणून समजा. पहिल्या खेपेला पेराल्टा ट्रेल या पायवाटेने फ्रीमाँट सॅडल या खिंडीपर्यंत जाऊन परत या, तेवढं पुष्कळ. समोर वीव्हर्स नीडलचा सुळका दिसतो. उन्हाळ्यात मात्र नाव काढू नका. माणशी 4 लिटर पाणी घ्या, निम्मं संपायच्या आत मागे फिरा. नकाशातल्या झऱ्यांवर भिस्त नको. आणि सॅकमध्ये रुंद दातांचा कंगवा हवाच, हसू नका! चोया निवडुंगाचा तुकडा नुसता घासला तरी चिकटतो, हाताने काढायला गेलात तर बोटांत रुततो. कंगवा तुकड्याच्या खाली सरकवायचा आणि तुकडा झटक्यात उडवायचा, अर्थात त्या बाजूला कुणी उभं नाही ना ते बघून.