पेटी आली का?

प्रिय सोन्या,

परवा शाळेतून येताना गाडीत तू विचारलंस, "आई, आबांना पुरलं त्या दिवशी ठाण्याच्या घरात सकाळी सगळे रडत होते आणि रात्री तेच लोक हसत होते. समोरच्या काकू पिठलं घेऊन आल्या. यातलं ख्रिस्ती काय आणि मराठी काय?" सिग्नल सुटला म्हणून मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणाले आणि सांगितलं नाहीच. सिग्नलचं निमित्त. मला उत्तर सुचत नव्हतं. आता तू झोपलायस, बाहेर मेलबर्नचा चिवट पाऊस लागलाय, तर लिहिते. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे ठाऊक आहे, पण निम्मी गोष्ट एका मराठी शब्दावर उभी आहे. तो शब्द पेटी.

भजनाला वाजवतात ती पेटी आणि गेलेल्या माणसाला ठेवतात तीही पेटीच. त्या दुपारी घरी दोन्ही यायच्या होत्या. रात्रीच्या भजनांसाठीची आधी आली. तेवढ्यात नगरहून मावशीआजीचा फोन, "पेटी आली का रे?" मामा म्हणाला, "आली, पण काळी दोनची पट्टी दाबली जात नाही." पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "अरे, पण त्यात माणूस मावेल ना?"

आजीला हे कळलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली, आणि पदर खाली येईपर्यंत रडायला लागली होती. मी शेजारीच बसले होते. हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते मलाही सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट लिफ्टची. चरईतल्या त्या इमारतीची लिफ्ट किती वेळा बंद असते ते तू पाहिलंयस. आबांनी त्यावर सोसायटीला किती पत्रं लिहिली असतील! वागळे इस्टेटमध्ये यंत्रांवर जन्म घालवलेला माणूस, बंद यंत्र त्यांना बघवायचं नाही. त्या दिवशी लिफ्ट चक्क चालू होती, पण पेटी तिच्यात मावेना. मग मामा, काका आणि सोसायटीची चार मुलं यांनी पाचव्या मजल्यावरून जिन्याने उतरवली. तिसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबले तेव्हा सेक्रेटरीच हळूच म्हणाले, "आयुष्यभर लिफ्टसाठी भांडले, आणि आज लिफ्ट चालू तर हे जिन्याने निघाले." खांद्यावर पेटी घेऊन माणसं हसली. तू वरून कठड्यातून बघत होतास, आणि तुझा चेहरा मी पाहिला. तुला ते वाईट वाटलं असणार. पण आबा असते तर सगळ्यात मोठ्याने तेच हसले असते, आणि मग सेक्रेटरींना देखभालीचा हिशोब विचारला असता.

गाडी तलावपाळीवरून गेली. आबांची रोजची सकाळची फेरी तीच. मासुंदा तलावाच्या काठावर कोपिनेश्वराचं देऊळ आहे, आणि काठावरच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, ते कॅथलिकांचं. आपण प्रोटेस्टंट. आबा म्हणायचे, "मी दोन्हीकडचा नाही, मी मधल्या बाकावरचा." दफनभूमीत प्रत्येकाने मूठभर माती टाकली, तूही टाकलीस. गावाकडे एखाद्याच्या अंत्यविधीला जाण्याला 'मातीला जाणं' म्हणतात, चितेवर अग्नी द्यायचा असला तरीही. म्हणजे हा शब्द काही आपल्या एकट्यांचा नाही.

रात्रीची गाणी ऐकून तू विचारलं होतंस, हे चर्चचं आहे का देवळातलं? चूक तुझी नाही. त्यातली पुष्कळशी नारायण वामन टिळकांची आहेत. 1861 साली कोकणात ब्राह्मण घरात जन्मले, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना काही सोडलं नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. म्हणून आपल्या भजनाला पेटी, तबला, टाळ. समोरच्या काकूंना आपल्या गीतांचे शब्द येत नव्हते, पण हरिपाठाला बसून बसून हात तयार. टाळ त्यांचाच सगळ्यात नेमका पडत होता. मामाचा, खरं सांगायचं तर, पडत नव्हता.

आणि पिठलं. घरात कोणी गेलं की त्या दिवशी त्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात. बायबलमध्ये असा नियम कुठेही नाही. आपले लोक नगरहून येताना तो घेऊन आले आणि तो सोडावा असं कोणालाच वाटलं नाही. पाळकसाहेबांनाही नाही, त्यांनी दोनदा भात घेतला. बायबलमध्ये मला आठवतं ते वेगळंच. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, त्याला आपण उठवणार हे माहीत असूनही रडला. आणि स्वतः मरणातून उठल्यावर पहाटे तलावाच्या काठी विस्तव करून मासे भाजत बसला, दमलेल्या शिष्यांना न्याहारी द्यायला. रविवारच्या शाळेत हे ऐकलं तेव्हा मला ती जागा तलावपाळीच वाटायची.

सगळंच आम्ही असं सहज ठेवून घेतो असं मात्र समजू नकोस. स्मरणाची प्रार्थना तेराव्या दिवशी नको, लोक तेरावं म्हणतील, यावर आत्याने दोन दिवस वाद घातला. शेवटी चौदाव्या दिवशी ठेवली, आणि जेवायला लाडू होतेच! मंगळसूत्राचंही तसंच. आजीच्या मंगळसूत्रात काळे मणी आहेत आणि मधे छोटा क्रूस. कोणीतरी नातेवाईक बाई म्हणाली, आता काढायला हवं. मला राग आला होता, पण माझ्या आधी आजीच बोलली, "मरणाने वेगळं करेपर्यंत, अशी शपथ होती. शपथ संपली असेल. मंगळसूत्र माझं आहे."

तेव्हा सोन्या, तुझे दोन डबे मला काही भरता आले नाहीत. पिठलं एकात टाकायला गेले की टाळ दुसऱ्यातून वाजतो. इथे आपल्या शेजाऱ्यांचे वडील गेले तेव्हा मी एक कार्ड पाठवलं, छापील. पिठलं न्यावं असं मनात आलं होतं, नेलं नाही. ते मला अजून टोचतं.

उद्या शाळेतून आल्यावर आजीला फोन कर, तिथे तेव्हा सकाळ असते. उचलला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा कर. भाजी घेऊन जिना चढत असेल. लिफ्ट परत बंद आहे.

तुझी,
आई