कराडच्या ताईंना: हिवाळ्यातला घरचा अभ्यास, संतांच्या गोष्टी आणि तो दाखला

ताई, तुम्ही लिहिलंय की सात वर्षांची मुलगी दिवाळीनंतर शाळेतून काढली, धाकटा चार वर्षांचा आहे, आणि होळीपर्यंत संतांच्या गोष्टी आणि सण धरून दोघांना घरीच शिकवायचं आहे. पण गोष्टी दोन दिवसांत संपतात, सणांची नुसती धावपळ होते, आणि शाळा म्हणते, "दाखला कशाला नेताय, राहू दे नाव पटावर." हे शेवटचं वाक्य फार ओळखीचं आहे, म्हणून आधी त्यावरच लिहिते. गोष्ट कशी रंगवायची, मुलांना कसं बसवायचं, हे तुम्हाला येत असणारच.

नाव पटावर ठेवू नका. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो आणि शाळेची अडचणही खरी असते, पट घटला की शिक्षकांची पदं जातात. पण मूल घरी आणि नाव पटावर, म्हणजे एक तर खोटी हजेरी लागते किंवा गैरहजेरी साचत जाते. पुढे कधी दुसऱ्या शाळेत घालायचं ठरलं की यू-डायस प्लसवरची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन यादीतली) नोंद आणि पेन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक, जुन्या शाळेकडेच अडकलेला असतो. तिने सोडल्याशिवाय तो हलत नाही, आणि तोवर तिथल्या बाई बदलून गेलेल्या असतात.

नाव पटावरून काढून दाखला मिळवायच्या कामात आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षण कार्यालयाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. शाळा केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांवरचे अधिकारी) बोट दाखवते, केंद्रप्रमुख त्या कार्यालयाकडे, कार्यालय परत शाळेकडे. प्रत्येक टेबलावर तोंडी उत्तर. "अशी तरतूद नाही" म्हणतात, तेच लिहून द्या म्हटलं की साहेब मीटिंगला. अर्ज "ठेवून जा" म्हणतात, आवक नोंद करत नाहीत, आणि पुढच्या खेपेला अर्ज सापडत नाही. शालाबाह्य मुलांच्या यादीत नाव मात्र लगोलग चढतं. महिन्याला चार गोष्टी आणि एक वाफा मेथी करणारं मूल आणि वीटभट्टीवर राबणारं मूल एकाच रकान्यात. याने वीटभट्टीवरच्या मुलाचंही भलं होत नाही, कारण ज्याच्या दारात जायला हवं ते सोडून माणसं आपल्या दारात येतात.

म्हणून दाखल्याचा अर्ज दोन प्रतींत करा. जन्मदाखल्यावर आहे तसंच मुलीचं नाव, जनरल रजिस्टर नंबर, इयत्ता, आणि कारण एका ओळीत: पालक घरी शिकवणार आहेत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. घेतच नसतील तर तोच कागद स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. महिनाभरात उत्तर नाही आलं तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात एवढंच विचारा: अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली आणि तो कोणत्या टेबलावर किती दिवस होता. त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडण्यापेक्षा हे लवकर होतं.

दाखला हातात पडला की शाळेच्या दारातच वाचा. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, अक्षरी जन्मतारीख, हे तिन्ही जन्मदाखला आणि आधारशी जुळलं पाहिजे. धाकट्याचं आधार तो पाच वर्षांचा झाला की बोटांच्या ठशांसाठी अपडेट करून घ्या. राहून गेलं तर प्रवेशाच्या वेळीच नेमकं आडवं येतं.

कायद्याचं थोडक्यात, आणि मी वकील नाही हे धरून वाचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण त्याला दंड लावलेला नाही, आणि घरी शिकवण्याचा कायद्यात नावानिशी उल्लेखच नाही. कलम ४ प्रमाणे मूल नंतर आलं तरी त्याला वयानुरूप वर्गात घ्यावं लागतं. कलम ५ प्रमाणे जुन्या शाळेच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. परतीचा रस्ता उघडा आहे, एवढं मनाशी पक्कं ठेवा.

आता गोष्टी. माझं स्पष्ट मत आहे की आठवड्याला एकच गोष्ट, आणि तिच्याबरोबर हाताचं एकच काम. रोज नवी गोष्ट सांगितली की मुलं गुंगतात, पण आठवड्याच्या शेवटी त्यांच्याकडे काही उरत नाही. सोमवारी गोष्ट सांगा, मंगळवारी तीच, शक्य तितक्या त्याच शब्दांत. शब्द बदलले की धाकटा अडवेल, आणि अडवायलाच हवं, कारण गोष्ट त्याला पाठ झाल्याची ती खूण आहे. बुधवारी मुलीने त्याला सांगायची. मग काम. शुक्रवारी चित्र, आणि मोठीकडून चित्राखाली तीन वाक्यं. तात्पर्य सांगू नका. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, एवढ्यावर थांबा. "म्हणून आपण प्राण्यांवर..." सुरू झालं की मूल कान मिटतं.

काम गोष्टीतूनच निघायला हवं. एकनाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, त्या आठवड्यात काठीला दोन छोटे लोटे बांधून अंगणात कावड. एका लोट्यात जास्त पाणी असलं की काठी तिरकी होते आणि खांदा सरकवावा लागतो, तराजूचा पाठ तिथेच होतो. सावता माळी अरणचे, त्यांच्या आठवड्यात मेथी पेरा. भोकं पाडलेल्या क्रेटमध्ये चार बोटं माती, रात्रभर भिजवलेले घरचेच मेथीदाणे, वर अर्ध्या बोटाएवढी माती. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याच्या आत कापायला येते. थंडीत माती लवकर वाळत नाही, तरी मुलं रोज पाणी ओततात आणि रोपं बुडातून कुजतात. बोट खुपसून ओल लागली तर पाणी नाही, हा नियम पहिल्या दिवशीच लावा.

तुम्ही कराडच्या, म्हणजे सखू तुमच्याच गावची. छळाचा आणि मरणाचा भाग चार वर्षांच्या मुलाला नको. विठोबाने सखू होऊन पाणी भरलं, दळण दळलं, एवढ्याने गोष्ट भरते. जातं मिळालं तर तिथेच जनाबाईही जोडून घ्या. सुरुवात ज्वारीने करू नका, भाजलेले मूग भरडा. वैरण, म्हणजे जात्यात घालायचे दाणे, चिमूटभरच घाला, मूठभर घातली की अख्खे दाणे बाहेर पडतात आणि मुलं कंटाळतात. खुंटा आधी ठोकून घट्ट करा. वैरण घालताना जातं थांबलेलं हवं, यात सूट नाही.

गोरा कुंभारांची गोष्ट आणि ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांचा शेवट आता सांगू नका. दहा वर्षांनंतर पाहू. चोखोबांचं मात्र वेगळं आहे. त्यांना देवळात जाऊ दिलं नाही आणि तो माणसांनी केलेला अन्याय होता, हे सात वर्षांच्या मुलीला सरळ सांगा. गुळगुळीत करून सांगितलेला चोखोबा खरा नव्हे. रेड्याने वेद म्हटले, भिंत चालली, यावर "खरंच?" असा प्रश्न येणारच. "लोक पिढ्यान्‌पिढ्या असं सांगत आले आहेत" हे उत्तर प्रामाणिक आहे आणि या वयाला पुरतं.

तिथ्यांचा मेळ आधीच घाला. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे या हिवाळ्यात (२०२६-२७) सगळं पुढे सरकलंय. दत्तजयंती डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात आणि दासनवमी, म्हणजे समर्थ रामदासांची पुण्यतिथी, थेट मार्चच्या तोंडाशी. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती जागची फारशी हलत नाही. गाडगेबाबांचा २० डिसेंबर इंग्रजी तारखेचा. त्या दिवशी सकाळी आधी गल्ली झाडायची, गोष्ट संध्याकाळी. बाबाही आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत, तो क्रम मोडू नका. गोंदवलेकर महाराजांची पुण्यतिथी मार्गशीर्ष वद्य दशमीला असते, तेव्हा गोष्टीबरोबर पंगत वाढायला शिकवा: मीठ कुठे, भाजी कुठे, डावं-उजवं. दत्तजयंतीला औदुंबर, मग पुसेगावचा रथ, पौषात पालच्या खंडोबाची यात्रा, हे सगळं मुलांना दाखवावं, पण मुख्य दिवशी लहान मूल गर्दीत नेऊ नका. पालला भंडारा डोळ्यांत जातो आणि मूल दिवसभर रडतं. चार दिवस आधी किंवा नंतर, सकाळी लवकर जा.

संक्रांतीच्या आठवड्यासाठी तयारी २२ डिसेंबरलाच करा. मोकळ्या जागेत एक मीटरची काठी सरळ उभी करा, ओळंबा लावून. दुपारी सव्वाबारा ते एकच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा आणि सगळ्यात आखूड सावली मोजा. कराडला ती २२ डिसेंबरला साधारण ८६ सेंटीमीटर, संक्रांतीला ८० च्या आसपास आणि यंदाच्या रथसप्तमीला, १३ फेब्रुवारीला, ६० च्या जवळ यायला हवी. काठी तिरकी असेल किंवा जमीन उताराची असेल तर आकडे चुकतात. संक्रांतीपासून दिवस मोठा व्हायला लागतो असं मुलांना सांगू नका, तो २२ डिसेंबरनंतरच वाढू लागतो. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. मुलगी म्हणेल, सूर्य तर उशिराच उगवतोय. तिचं बरोबर आहे, आपल्याकडे उगवण्याची वेळ जानेवारीच्या मध्यापर्यंत पुढेच जात राहते, दिवस संध्याकाळच्या बाजूने वाढतो.

भोगीला राळ्याचा भात, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. भाजीचे जिन्नस मुलांनीच निवडायचे: पावटा, ओला हरभरा, घेवडा, गाजर, वांगं, वेगवेगळ्या वाट्यांत. तिळगूळ मुलांच्या हातून करायचा तर पाकाच्या वाटेला जाऊ नका. गुळाचा पाक हातावर पडला तर चिकटून बसतो आणि खोल भाजतो. एक वाटी भाजलेले तीळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, पाऊण वाटी किसलेला साधा मऊ गूळ, चमचाभर तूप, वेलदोडा. तीळ कोमट असतानाच खलबत्त्यात थोडे थोडे कुटा आणि लाडू वळा. तीळ गार झाले की लाडू वळत नाही, मग मुलं तूप ओतत राहतात. या लाडवाला चिक्कीचा गूळ घेऊ नका, तो पाकासाठी. धाकट्याच्या बोरन्हाणात चुरमुरे, बत्तासे, उसाचे मोठे करवे चालतील. बोरं बिया काढून द्या आणि कडक हलवा तोंडात टाकू देऊ नका, घशात अडकतो.

हे सगळं एका २०० पानी वहीत लिहा. तारीख, गोष्ट, काम, आणि मुलीने स्वतः काय केलं, चार ओळी पुरे. तपासायला कुणी आलं तर त्यांच्या शब्दांत लिहिलेलं त्यांना लवकर कळतं. भोगीचे दाणे निवडले तिथे "वर्गीकरण", सावली मोजली तिथे "मापन", बुधवारी गोष्ट सांगितली तिथे "मौखिक भाषाविकास". निपुण भारतची (लहान वर्गांच्या वाचन-गणिताचं सरकारी अभियान) उद्दिष्टं शाळेच्या भिंतीवर लावलेली असतात, दाखला आणायला जाल तेव्हा त्यांचा फोटो काढून आणा.

दासनवमीच्या आधी दोन आठवडे मारुतीचा नकाशा घ्या. समर्थांचे अकरा मारुती: सात सातारा जिल्ह्यात (चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर, माजगाव), बहे-बोरगाव आणि शिराळा सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. निळ्या दोऱ्याने कृष्णा चिकटवा आणि शेंदरी ठिपके द्या. उंब्रज, माजगाव, चाफळ, शिंगणवाडी एका दिवसात आरामात होतात, फक्त शिंगणवाडीची टेकडी ऊन चढायच्या आत करा. सज्जनगडाला नवमी उलटल्यावर, आडवारी जा. वर वारा फार असतो, धाकट्याला कानटोपी घाला.