डिप्रेशनच्या गोळ्यांचा खप का वाढतोय?

प्रश्न : सोलापुरात हल्ली ज्याच्या त्याच्या घरी कुणी ना कुणी 'टेन्शनची गोळी' घेतं. अमेरिकेत म्हणे आठातला एक जण घेतो. आजार एवढा वाढला का? आमच्या मंडळींनाही पाच महिन्यांपासून एस्सिटॅलोप्रॅम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5 एकाच गोळीत चालू आहे. आता बरं वाटतंय. बंद करावी का?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आकडा बरोबर आहे. 2015 ते 2018 च्या तिथल्या सरकारी पाहणीत 13.2 टक्के प्रौढांनी मागच्या महिनाभरात नैराश्यावरची गोळी घेतली होती. पण खपावरून आजार मोजता येत नाही. ब्रिटनमधल्या नोंदींत नवे रुग्ण फारसे वाढलेले नव्हते, जुनेच वर्षानुवर्षं गोळी घेत राहिले होते. शिवाय मायग्रेनसाठीचं ॲमिट्रिप्टिलिन आणि मधुमेहातल्या पायांच्या जळजळीचं ड्युलोक्सेटिनही याच हिशेबात धरलं जातं. आपल्याकडचं दुखणं वेगळं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचे शंभरातले सुमारे 85 रुग्ण उपचाराविना होते.

आता तुमच्या घरची गोळी. त्यातलं एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध, त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. क्लोनाझेपाम ही घबराट कमी करणारी, झोप आणणारी गोळी. तिने त्याच रात्री झोप लागते, म्हणून श्रेय तिला मिळतं. खरं तर ती सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांपुरती. पुढे सवय लागते. एस्सिटॅलोप्रॅम मात्र पूर्ण बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने घ्यायची असते. घरोघरी नेमकं उलटं चालतं!

एकदम बंद केली तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. लोकांना वाटतं आजार उलटला. क्लोनाझेपाम अचानक तोडल्यास झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. जोडगोळी अर्धी केली तर दोन्ही औषधं एकदम कमी होतात, म्हणून डॉक्टरांकडून दोन्ही वेगवेगळी लिहून घ्या. साधारणपणे आधी क्लोनाझेपाम काही आठवड्यांत थोडी थोडी उतरवतात, मुदत भरल्यावर एस्सिटॅलोप्रॅम 10 वरून 5 वर आणतात. एक दिवसाआड घेणं नको, रक्तातलं प्रमाण वरखाली होतं. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅकही आणू नका. एस्सिटॅलोप्रॅमसोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

खासगी फी जड जात असेल तर सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी घेऊन जा. मध्येच काही विचारायचं असल्यास टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर 14416. रात्रीही लागतो, मोफत आहे.