डिटर्जंटमधल्या सर्फॅक्टंटमुळे (म्हणजे मळ सोडवणाऱ्या घटकामुळे) एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागत नाही, हे खरंय का?

खरंय, पण अर्धंच. मी कापड रंगवण्याच्या कामात आहे, त्यामुळे आधी रंग सुटतो कुठून ते सांगतो. सुती कापडावर बऱ्याचदा रिॲक्टिव्ह डाय असतो, तो धाग्याशी रासायनिक बंध करून पक्का बसतो, पण रंगवताना त्यातला काही भाग पाण्याशीच रिॲक्शन होऊन वाया जातो आणि धाग्यात नुसता अडकून राहतो. हा कच्चा रंग कारखान्यात नीट धुऊन काढला नाही तर तो घरी बादलीत उतरतो.

सर्फॅक्टंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं पाण्यापासून पळतं. पाण्यात असे रेणू पुरेसे झाले की त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके बनतात, त्यांना मायसेल म्हणतात, आणि सुटलेला रंग त्यांच्यात अडकला की दुसऱ्या कपड्यावर बसायला तेवढा मोकळा राहत नाही. यात नॉनआयॉनिक, म्हणजे विद्युतभार नसलेला, प्रकार जास्त कामाचा, कारण त्याचे मायसेल अगदी थोड्या प्रमाणातही बनतात, शिवाय सुती कापडाचे बरेचसे रंग ऋणभारित असतात, त्यामुळे ॲनायॉनिक, म्हणजे तसाच ऋणभार असलेल्या, सर्फॅक्टंटशी त्यांचं फारसं जमत नाही. जीन्सचा निळा रंग, इंडिगो, तर पाण्यात विरघळतच नाही, त्याचे बारीक कण सुटतात, ते सर्फॅक्टंट पाण्यात तरंगत ठेवतो.

पण हाच सर्फॅक्टंट कच्चा रंग धाग्यातून बाहेरही काढतो! म्हणून पावडर जास्त टाकून उपयोग नाही. खरी राखण करतात ते पीव्हीपीसारखे पॉलिमर (लांब साखळीचे रेणू), रंगीत कपड्यांसाठीच्या बऱ्याच डिटर्जंटमध्ये ते असतात आणि रंग पाण्यातच धरून ठेवतात. ॲनायॉनिक सर्फॅक्टंट जास्त झाला तर तोच या पॉलिमरला चिकटतो आणि रंगाला जागा कमी पडते.

मीठ टाका असं सगळे सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. आम्ही रंगवताना मीठ घालतो ते रंग पाण्यातून धाग्याकडे जावा म्हणूनच, मग बादलीत पांढरा शर्ट असेल तर तो रंग त्याच्यावरही बसणारच ना.

नवीन कपडा असेल तर आतली शिवण ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघा, फडकं रंगलं तर वेगळा धुवा, गार पाण्यात. आणि मशीन थांबली की कपडे लगेच काढून वाळत घाला, कारण ओले कपडे एकमेकांवर पडून राहिले की रंग थेट कापडातून कापडात जातो आणि तिथे डिटर्जंट काहीच करू शकत नाही.