पद्मिनीच्या स्टीअरिंगमधला प्ले घरी काढता येईल का?

तुमची प्रीमियर पद्मिनी गाडी १९८५ची, स्टीअरिंगला चार बोटं प्ले (चाकं न वळता स्टीअरिंग नुसतंच फिरतं तेवढी ढिलाई), सरळ रस्त्यावरही गाडी सारखी सावरावी लागते आणि गॅरेजवाला स्टीअरिंग बॉक्स (स्टीअरिंगच्या दांड्याखालची गिअरची पेटी) बदला म्हणतोय. घरी बरंच काही करता येईल, पण बॉक्सला एवढ्यात हात लावू नका.

बॉक्सपासून चाकापर्यंत तीन रॉड, त्यांचे बॉल जॉइंट, डावीकडचा आयडलर आर्म (रॉडला त्या बाजूने आधार देणारा हात) आणि शेवटी किंगपिन, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती. प्रत्येक ठिकाणची थोडी थोडी झीज स्टीअरिंगवर एकत्र येते. पुष्कळ ठिकाणी बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले घालवतात, ते मला अजिबात पटत नाही. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून बॉक्स झिजतो तो मध्यावर. तिथला प्ले जाईपर्यंत आवळलं की वळणावर स्टीअरिंग जड होतं, अडकतं, आपोआप सरळ येत नाही. हे जास्त धोक्याचं.

चाकं जमिनीवरच असू द्या. एकाला आत बसवून स्टीअरिंग प्लेपुरतंच डावी-उजवी हलवायला सांगा आणि तुम्ही खालून एकेका जॉइंटवर हात ठेवत जा. झिजलेल्या जॉइंटमध्ये एक बाजू हलते, दुसरी जरा उशिरा; बोटांना टक् असं स्पष्ट कळतं. आयडलर आर्म वर-खाली हलतोय का तेही बघा, तो हमखास राहून जातो. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर बहुधा किंगपिन. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. स्टँड लावा, मागच्या चाकांना ठोकळे द्या.

टाय रॉड एंड, म्हणजे रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट, काढायच्या आधी रॉडच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटच्या पिनांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा. नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढा, नट सैल करून थोड्या आट्यांवर राहू द्या. जॉइंटच्या पिनेच्या टोकावर हातोडी मारू नका, आटे खराब होतात. ती पिन आर्मच्या ज्या भोकात बसलीय त्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडी टेकवा, समोरून दुसरीने सणसणीत ठोका द्या, पिन सुटते. रॉडच्या एका टोकाचे आटे उलटे असतात, उगाच जोर लावू नका. नवा नट आवळताना स्प्लिट पिनेचं भोक जुळलं नाही तर आणखी थोडा आवळा, मागे फिरवू नका. स्प्लिट पिन नवीच घाला.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली, त्यामुळे सुट्या भागांची मागणी आटलीय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी करा, पण जॉइंट नवेच घ्या, रबर बूट दाबून बघून.

किंगपिन मात्र घरी नको. बुश बसवून रीमर मारावा लागतो, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करावं लागतं, ते काम जुन्या लेथवाल्याकडेच द्या. सगळं झालं की हळू चालवत थेट चाकांच्या अलाइनमेंटला न्या. त्यानंतरही प्ले उरला तरच बॉक्स उघडायचा.